भात शिजेपर्यंतचं गाणं

शिवांजलीला एक गाणं पुरं करायला किती दिवस लागतात, हा आदर्शच्या चेष्टेचा ठरलेला विषय होता. "हिचं एक गाणं हुईस्तवर माझी म्हस दोनदा व्याली," असं तो नव्या माणसालासुद्धा बिनदिक्कत सांगायचा. आदर्श उचगावचा. घरी गोठा, सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, आणि मधल्या वेळेत गिटार. शिवांजली लिहायची आणि गायची, तो वाजवायचा. दोघं मिळून महिन्यातून एखाद्या शनिवारी राजारामपुरीतल्या एका कॅफेत गायला बसायची. कॅफेवाल्यानं बाहेरच्या फळ्यावर त्यांच्या नावाखाली खडूनं 'इंडी-फोक' असं लिहिलं होतं, तेव्हापासून दोघंही आपल्या गाण्याला तेच म्हणायला लागली.

"म्हंजे भजन न्हवं, लावणी न्हवं, मग हाय तरी काय?" शिवांजलीच्या आईनं, हिराबाईनं, एकदा विचारलं होतं.

"आपलं आपण लिवायचं आणि आपलं आपणच म्हणायचं, अव्वा."

"मग ऐकायचं कुणी?"

आदर्श हसून हसून खाटेवरून पडायचा तेवढा बाकी राहिला. पण गाण्याला लागणाऱ्या वेळावरची त्याची चेष्टा खरीच होती. शिवांजली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला होती. ओतून आलेला लोखंडी भाग, म्हणजे जॉब, हातात घ्यायचा, गेज लावायचं, पोटात कुठं हवेचं भोक राहिलंय का बघायचं, आणि नुसती शंका आली तरी तांबडा रंग मारून बाजूला सारायचा. शंका असलेला माल पुढं पाठवायचा नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या अंगात मुरलं होतं. ओळ सुचली की ती तिलाही अशीच उजेडात धरायची. फार गोड वाटली तरी शंका, फार सोपी वाटली तरी शंका. तिच्या मोबाइलमध्ये अर्ध्या गाण्यांचा असा ढीगच पडला होता, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो, असं तिला मनापासून वाटायचं.

तिचे अप्पा, महालिंग, याच्या बरोबर उलट. त्यांचं मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि वरच्या मजल्यावर घर. अप्पांच्या तोंडात शब्द थांबायचा म्हणून नाही. सकाळी शटर वर गेलं की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. "या की पावणं, आत तर या." 'या' उंच लावायचा, 'की'वर थोडं खाली यायचं आणि 'पावणं' लांबवत टेकवायचं. वर स्वयंपाकघरात बसलेल्या हिराबाईला त्या हाकेवरूनच कळायचं, की गिऱ्हाईक आत आलंय का तसंच पुढं गेलंय. भांड्यावर नाव घालायचं मशीन अप्पा स्वतः चालवायचे. त्या घरघराटातसुद्धा त्यांचं बोलणं चालूच असायचं, कुणाचं लग्न, मुलगी कुठली दिली, जावई काय करतोय. गिऱ्हाइकाशी मराठी, निपाणी-संकेश्वराकडून आलेल्या पावण्याशी कानडी, आणि घरात दोन्हींची भेळ.

दिवाळीच्या तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, अप्पांच्या हातातून तांब्या निसटला. त्यांनी तो उचलायला उजवा हात पुढं करायला बघितलं, पण हात पुढं आलाच नाही. शेजारच्या सलूनवाल्या बाळासोनं त्यांना धरून खाली बसवलं आणि रिक्षात घातलं. झटका अर्धांगाचा होता; दवाखान्यात जीव वाचला. पंधरवड्यानं काठी घेऊन चार पावलं टाकता यायला लागली. पण तोंडातलं बोलणं गेलं.

अप्पांना सगळं कळत होतं. वरच्या फळीवरची बरणी काढ म्हटलं तर डावा हात बरोबर त्याच बरणीकडं जायचा. पण पाणी हवं असलं की ओठ हलायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि बाहेर यायचं ते नुसतं "हां… हां…". अव्वा एकामागून एक विचारत राहायची. पाणी पायजे? चा टाकू? पाय दुखतोय? चुकीच्या प्रश्नांना मान हलवून हलवून अप्पा वैतागायचे आणि मग एकच शब्द स्वच्छ, खणखणीत बाहेर पडायचा. "आयला."

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मायलेकी हसल्या. नंतर नंतर हसू येईना.

वाचा-उपचार करणाऱ्या पवित्रा मॅडम घरी यायला लागल्या, त्या मूळच्या गडहिंग्लजच्या. त्यांनी पहिल्या दिवशी अप्पांना चित्रं दाखवली, शब्द म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. काही जमलं नाही. दुसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा हिराबाई देवासमोर बसली होती, आणि अप्पा तिच्या मागं खुर्चीत. ती 'ॐ नमः शिवाय' म्हणत होती आणि तिच्या सुरात सूर मिसळून अप्पाही म्हणत होते. शब्द थोडे वाकडे, पण सगळे. मॅडम दारातच उभ्या राहिल्या.

"हे रोज म्हणतात?"

"व्हय की. त्ये येतंय त्यास्नी," हिराबाई म्हणाली. "मग पाणी का म्हणायला येत न्हाय, त्येच मला कळंना झालंय."

मॅडमनी समजावून सांगितलं. बोलण्याची वाट एकीकडून जाते, चालीत म्हणायची वाट थोडी दुसरीकडून. पहिली खचली तरी दुसरी कधीकधी शिल्लक राहते. रोज लागणारे शब्द जर चालीत बसवून म्हणवून घेतले, डाव्या हातानं ठेका धरून, तर काही माणसांना ते जमतात. सगळ्यांना नाही. "माझ्याकडं छापील ओळी आहेत, पण त्या पुस्तकी मराठीत. काका तसं कधी बोलले असतील असं वाटत नाही. घरात कुणी गातं का?"

हिराबाईनं शिवांजलीकडं बोट दाखवलं. "ही गाणी लिवती."

"मग झालं तर. एक सोपं गाणं लिहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांना रोज लागणारा एक शब्द. तुम्ही ओळ म्हणायची, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. उद्यापासून सुरू करू."

"उद्या?" शिवांजली म्हणाली. "मॅडम, मला एका गाण्याला वर्ष लागतं."

"सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात," मॅडम चपला घालत शांतपणे म्हणाल्या. "तेवढा वेळ आपल्याकडं नाही."

त्या गेल्यावर शिवांजली गॅलरीत मोबाइल घेऊन बसली. रविवार होता. तिनं पहिली ओळ लिहिली ती अशी, की शब्दांचे पक्षी उडून गेले आणि झाड उभंच राहिलं. ओळ तिला आवडली. मग वाटलं, अप्पांनी यातला कुठला शब्द म्हणायचा? झाड? अप्पांना दिवसभरात झाडाचं काय काम? तिनं ओळ पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. आत हिराबाईनं तांदूळ धुऊन पातेलं गॅसवर ठेवलं. कुकर बिघडला होता आणि अप्पा आजारी पडल्यापासून तो दुरुस्तीला न्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

शिवांजली उठून आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"अव्वा, अप्पा सकाळी उठल्यावर पैलं काय बोलायचे?"

हिराबाईला विचार करावा लागला नाही. "शटर वाजलं की कामाच्या पोराला 'बा, बा, बा'. ये म्हणायचं कानडीत. मग माझ्याकडं बघून, वाईच चा टाक."

"मग?"

"मग नीर. पाणी म्हणायचेच न्हाईत घरात. नीर आण, नीर दे. आणि जेवताना साकु. पुरे म्हणून ताटावर हात धरणार, तरी मी अजून एक चमचा घालणारच."

हिराबाई आमटीला फोडणी देत बोलत होती आणि शिवांजली उभ्या उभ्या टाइप करत होती. बा आणि चा. यमकसुद्धा तिला जुळवावं लागत नव्हतं. चाल शोधायची वेळ आली तेव्हा तीही शोधावी लागली नाही. 'या' उंच, 'की'वर खाली, 'पावणं' लांबवत टेकवायचं. ती लहानपणापासून हीच चाल ऐकत मोठी झाली होती, फक्त तिला ती चाल आहे हे माहीत नव्हतं.

तिनं आईला वाचून दाखवलं. 'दे की मला नीर'च्या पुढं तिनं लिहिलं होतं, 'होईल सगळं नीट अप्पा, धरा थोडा धीर'. हिराबाईनं पळी थांबवली.

"ह्ये कोण म्हणणार? त्यांनी का तू?"

"मी."

"मग त्ये तुझं गाणं झालं. त्यांचं कुठं झालं?"

 शिवांजलीच्या ध्यानात आलं, की सगळ्या गाण्यात तिनं प्रेमानं लिहिलेली ओळ ती एकच होती. तिनं ती काढली. मग हिराबाईच म्हणाली, "रोज आंघूळ झाली की काय ओरडायचे? उशीर झाला, उशीर झाला. दुकान का पळून चाललंतं?" आणि ती जागाही भरली. पातेल्यातला भात शिजल्यावर हिराबाईनं झाकण ठेवलं तेव्हा गाणं तयार होतं.

उजाडलं की पेठेमधी शटर वाजलं, बा
आल्या-गेल्या पावण्याला टाक की वाईच चा
तांब्या भरून माठातलं दे की मला नीर
दुकानाला जायचं हाय, झाला मला उशीर
ताट सरकव, हात धुतो, झालं आता साकु
पंखा लावू, लाईट घालवू, वाकळ कुठली टाकू

तिला गाण्याची शंका आली नाही असं नाही. हे काय गाणं झालं, असंच वाटलं. पण तपासत बसायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. अप्पांच्या समोर स्टूल घेऊन बसली, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, ठेका धरला आणि कॅफेत गायची तसं, डोळे अर्धे मिटून, हळू आवाजात गायला लागली. पहिल्या ओळीच्या शेवटी थांबली. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अप्पांनी हात सोडवून घेतला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाले, "आयला."

दुपारीही तसंच, मंगळवारीही तसंच. मंगळवारी तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण अप्पांना पाळण्यातल्या पोरासारखं गाऊन दाखवतोय आणि त्यांना त्याची लाज वाटतेय, हे शिवांजलीला दिसत होतं. ती उठून स्वयंपाकघरात आली.

"मला न्हाय जमणार, अव्वा. घाईघाईत लिवलंय, त्येचं असंच हुणार."

"लिवलंयस ते बरोबर हाय," हिराबाई म्हणाली. "म्हणतीस ते चुकतंय. ते कधी असं कुजबुजले हायत का जल्मात? त्यांच्यासारखं वरड की."

बुधवारी सकाळी, कंपनीच्या बसला अजून वेळ होता, तेव्हा शिवांजलीनं अप्पांची खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली आणि त्यांना तिथं बसवलं. खाली पेठ जागी होत होती. शटरं वर चालली होती, बाळासो सलूनसमोर पाणी मारत होता. तिनं अप्पांचा डावा हात गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर ठेवला, त्यावर आपला हात, आणि ठेका धरून पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उजाडलं की पेठेमधी शटर वाजलं…"

अप्पांनी मान वर केली. खालची दोन माणसं वर बघायला लागली. तिला लाज वाटली, तरी तिनं ओळ पुन्हा म्हटली, अजून मोठ्यानं. अप्पांचा हात तिच्या हाताखाली आपण होऊन हलायला लागला. तिसऱ्या खेपेला ती 'वाजलं'वर थांबली आणि अप्पांच्या छातीतून, आधी घोगरा आणि मग मोकळा, आवाज आला.

"बा…"

खाली बाळासोनं बादली ठेवली. "आलो की," म्हणाला आणि खरंच जिना चढून वर आला. त्याला वाटलं, काही अडलंय म्हणून हाक मारली. दारात उभा राहून तो एकदा महालिंगकडं आणि एकदा शिवांजलीकडं बघत राहिला. हिराबाई पदर तोंडाला लावून रडत होती.

"काय झालं, काकी? का बोलावलासा?"

"मी न्हाय बोलावलं," हिराबाई म्हणाली. "त्यांनी बोलावलं."

बाळासोला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो अप्पांच्या पायाशी खाली बसला. त्या दिवशी शिवांजलीची बस चुकली.

'चा' यायला पुढं बरेच दिवस लागले. 'नीर' त्याच्याआधी आला. 'उशीर' कधी आलाच नाही, 'शी'वरच जीभ अडायची आणि अप्पा हात झटकून ती ओळ सोडून द्यायचे. आधी चालीत म्हणायचे, मग चाल गळून पडली आणि नुसता शब्द राहिला. एकदा जेवताना त्यांनी ताटावर हात धरून साधंच "साकु" म्हटलं, आणि हिराबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच पुढचा चमचा वाढला नाही.

संक्रांतीच्या सुमारास आदर्श दुधाची किटली घेऊन घरी आला तेव्हा त्यानं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. शिवांजली म्हणत होती, अप्पा शेवटचे शब्द टाकत होते. आदर्श जिन्यातच थांबून राहिला. नंतर गॅलरीत आल्यावर म्हणाला, "ह्ये तू कधी लिवलंस?"

"लिवलं कुठं. अव्वा सांगत गेली, मी उतरवून घेतलं. भात शिजूस्तवर झालं."

"शिवा, आजपतूर जेवढं लिवलंस त्यात ह्ये भारी हाय. पुढच्या शनवारी ह्येच म्हणू. शेवटचा शब्द लोकांनी म्हणायचा. बघ, कॅफे उचलून धरत्यात का न्हाय."

शिवांजलीला हे ऐकून बरं वाटलं आणि तितकंच बोचलंही. एकेका ओळीवर महिने घालवलेली तिची गाणी तिला आठवली. पावसावरचं, कारखान्याच्या भोंग्यावरचं, अजून दोन. ती सगळी तिनं तपासून तपासून गुळगुळीत केली होती. हे तपासायला सवड मिळाली नाही, म्हणून चांगलं झालं होतं का? का ती इतकी वर्षं या चालीजवळ राहिली म्हणून ते एका दुपारी झालं? तिला नक्की सांगता आलं नसतं. आदर्शला ती एवढंच म्हणाली, "अप्पांना इच्यारायला पायजे."

"त्ये काय न्हाय म्हणणार हायत व्हय?"

ती आत गेली. अप्पा खिडकीशी बसले होते. तिनं सगळं नीट सांगितलं. आदर्श गिटार वाजवेल, मी म्हणेन, कॅफेतली माणसं शेवटचा शब्द म्हणतील, तुम्हीही चला, पुढं खुर्ची ठेवू. अप्पा ऐकत होते. त्यांनी दारात उभ्या असलेल्या आदर्शकडं पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडं. तो मांडीवर तसाच पडला होता. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली. शिवांजलीला वाटलं, आता 'आयला' येणार.

"बेडा," अप्पा म्हणाले.

 बेडा म्हणजे नको. तो शब्द गाण्यात नव्हता. तो त्यांना कुणी म्हणवून घेतला नव्हता, त्याला चाल नव्हती, ठेका नव्हता. आजारी पडल्यापासून त्यांनी स्वतः शोधून काढलेला तो पहिला शब्द होता.

"बेडा तर बेडा," शिवांजली म्हणाली.  आदर्शनं दारातूनच हात जोडले, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ते गाणं कॅफेत कधी म्हटलं गेलं नाही. आदर्शनं नंतर कधीतरी सुचवलं, तसलंच दुसरं लिही की, पटकन. तिनं पातेलं गॅसवर ठेवून बसूनही पाहिलं. भात करपला, गाणं झालं नाही. ती पुन्हा तिच्या नेहमीच्या चालीनं लिहायला लागली, एक ओळ आज, एक ओळ गणपतीत. अप्पा आता सकाळी तासभर दुकानात बसतात. दुकान हिराबाई चालवते, हाकाही तीच मारते. अप्पांकडं मोजके शब्द आहेत आणि ते काटकसरीनं वापरतात. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की जुना खणखणीत शब्द बाहेर येतो, आणि तो ऐकायला म्हणून येणारी दोन-चार जुनी गिऱ्हाइकंही आहेत.

उन्हाळ्यात पवित्रा मॅडमनी शिवांजलीला उचगावात एका घरी नेलं. धोंडुबाई म्हणून एक शेतकरी बाई होती, अप्पांसारखंच झालेलं. शिवांजली दिवसभर तिथं बसली, सुनेला विचारत राहिली, म्हशीला काय म्हणायच्या, नातवाला काय म्हणायच्या, रागावल्या की काय म्हणायच्या. संध्याकाळपर्यंत म्हशीला हाक मारायच्या चालीत सहा ओळी झाल्या. सुनेनं रोज त्या म्हटल्या. धोंडुबाईला त्यातला एकही शब्द शेवटपर्यंत आला नाही. ती फक्त चाल गुणगुणायची, तोंड मिटून, आणि म्हशीच्या नावावर आलं की हसायची.

मॅडमनी शिवांजलीला सांगितलं, की असंही होतं, यात तुमचं काही चुकलं नाही. शिवांजलीनं मान हलवली. आदर्श त्याच वाटेनं दूध घालायला जातो. तो सांगतो, की सून आता ते गाणं धार काढताना म्हणते, आणि सासूबाई बाजूला पोत्यावर बसून डाव्या हातानं ठेका धरतात.